विश्लेषण : जुन्या बुलेटचा मागचा ब्रेक बदलताना नेमके काय बिघडते?

फूटरेस्ट मागे सरकवला, ब्रेकचे पेडल डावीकडून उजवीकडे नेले, सायलेन्सर आड आला म्हणून रॉड जरा वाकवला... जुन्या मोटरसायकलला नवे रूप देताना होणारे हे बदल दिसायला किरकोळ असतात. पण पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो तो याच दोन-चार लोखंडी तुकड्यांमधून. त्यांचे गणित काय, चूक कुठे होते आणि कायदा काय सांगतो?

रविवारी पहाटे शीव सर्कलला उभे राहिले, की डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने आलेल्या मोटरसायकलींचे घोळके पूर्व द्रुतगती मार्गाकडे किंवा पनवेलच्या दिशेने वळताना दिसतात. नव्या कोऱ्या गाड्यांच्या गर्दीत एखादी जुनी बुलेट, जावा, येझ्दी किंवा आरएक्स १०० हमखास असते. टाकी नवी रंगवलेली, सीट कापून छोटी केलेली, हँडल बुटके, फूटरेस्ट मागे नेलेले.

शीव म्हणजे सीमा. एकेकाळी मुंबई बेटाची हद्द इथे संपत होती. दुचाकीच्या ब्रेकसाठी ती आजही सीमाच आहे. भायखळा, लालबाग, परळ, दादर, माटुंगा इथपर्यंत सिग्नलमागून सिग्नल, म्हणजे वेग कमी आणि ब्रेकचा वापर सतत. शीवनंतर रस्ता मोकळा होतो, वेग वाढतो आणि पुढे जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने गेल्यास परतताना बोरघाटाचा उतार लागतो. या दोन्ही परीक्षा जुन्या गाडीत एका ड्रमला आणि त्याला जोडलेल्या एका रॉडला द्याव्या लागतात. मालकाचा बहुतेक खर्च मात्र टाकी, सीट आणि सायलेन्सरवर होतो.

मागच्या ड्रम ब्रेकमध्ये पायापासून चाकापर्यंत काय घडते?

चाकाच्या मधोमध लोखंडी ड्रम असतो आणि तो चाकाबरोबर फिरतो. ड्रमच्या आत न फिरणारी ब्रेक प्लेट असते. तिच्यावर चंद्रकोरीच्या आकाराचे दोन ब्रेक शू बसवलेले असतात आणि शूवर घर्षणाचे लायनर चिकटवलेले असते. दोन्ही शूंच्या टोकांमध्ये एक चपटा कॅम असतो. कॅम फिरला की शू फाकतात आणि लायनर ड्रमला आतून घासते.

हा कॅम फिरवण्याचे काम बाहेरचा लिव्हर करतो. बोटभर लांबीची ही पट्टी कॅमच्या दांड्यावर बारीक दात्यांमध्ये बसलेली असते. लिव्हरला रॉड जोडलेला असतो आणि रॉडचे दुसरे टोक पायाखालच्या पेडलला. रॉडच्या टोकाला समायोजनाचा नट, लिव्हर परत आणणारी स्प्रिंग आणि बहुतेक गाड्यांत मागचा लाल दिवा पेटवणारा स्विच असतो.

दोन शूंपैकी एक शू चाकाच्या फिरण्याच्या दिशेमुळे आपोआप ड्रमकडे ओढला जातो आणि जास्त काम करतो. दुसरा उलट ढकलला जातो आणि कमी काम करतो. बुलेटच्या अलीकडच्या ३५० सीसी मॉडेलवरही मागे १५३ मिलिमीटरचा असाच ड्रम राहिला. म्हणजे पद्धत जुनी असली तरी टाकाऊ नाही. ती नीट चालते, मात्र पेडल, रॉड आणि लिव्हर यांचे परस्परांशी असलेले नाते बिघडता कामा नये.

हे नाते बदलण्याची वेळ का येते?

तीन कारणे नेहमीची. पहिले, गाडीची ठेवण बदलणे. ‘कॅफे रेसर’ हवी असेल तर फूटरेस्ट आणि पेडल मागे जातात. ‘बॉबर’ किंवा ‘चॉपर’ हवी असेल तर पुढे. दुसरे, मागचे चाक बदलणे. रुंद टायरसाठी दुसऱ्या गाडीचे हब बसवले की ड्रम, लिव्हर आणि मूळ रॉड एका रेषेत राहत नाहीत. तिसरे कारण खास बुलेटवाल्यांचे आहे : ब्रेकची बाजू बदलणे.

बुलेटचा ब्रेक डाव्या पायाला का होता?

ब्रिटिश मोटरसायकलींची जुनी रीत उजव्या पायाने गिअर आणि डाव्या पायाने मागचा ब्रेक अशी होती. इंग्लंडमधील रेडिचची रॉयल एनफिल्ड आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि ही रीत बुलेटबरोबर भारतात रुजली. बुलेटची चेन डावीकडे, मागचा ड्रमही डावीकडेच आणि पेडलही त्याच बाजूला. रॉड सरळ मागे जायचा. व्यवस्था साधी आणि कमी सांध्यांची होती.

पुढे जगाने दुसरी बाजू धरली. अमेरिकेत सप्टेंबर १९७४ पासून लागू झालेल्या नियमाने डाव्या पायाला गिअर आणि उजव्या पायाला मागचा ब्रेक ठरवून दिला. जपानी गाड्यांची रीत आधीपासून तीच होती, ब्रिटिश कंपन्यांनाही ती घ्यावी लागली. भारतीय बुलेटवर मात्र उजव्या पायाचा गिअर या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत टिकून राहिला.

म्हणून आजच्या तरुणाची अडचण खरी आहे. आयुष्यभर उजव्या पायाने ब्रेक दाबलेला माणूस वडिलांची किंवा आजोबांची बुलेट चालवायला घेतो. समोर अचानक कोणी आडवे आले, की सवयीने त्याचा उजवा पाय खाली जातो आणि ब्रेकऐवजी गिअर बदलतो. ब्रेक उजवीकडे नेण्याची मागणी यातून येते. पण पेडल उजवीकडे गेले तरी ड्रम डावीकडेच राहतो. मग चौकटीतून आरपार एक आडवा दांडा टाकावा लागतो. पेडल उजव्या टोकाला दांडा फिरवते आणि डाव्या टोकाचा लिव्हर रॉड ओढतो. एका सरळ रॉडच्या जागी आता एक दांडा, दोन जादा लिव्हर, दोन बुश आणि जादा पिना येतात.

आडव्या दांड्यात ब्रेक कुठे ‘हरवतो’?

दांडा पिळला जातो तेव्हा. त्यावरच्या लिव्हरची लांबी ६० मिलिमीटर असेल, तर दांडा एक अंश पिळला की रॉडच्या टोकाशी सुमारे एक मिलिमीटर हालचाल वाया जाते. पेडलचे गुणोत्तर पाचास एक असेल तर पायाला ती पाच मिलिमीटर जाणवते. ब्रेक ‘स्पंजी’ लागतो अशी तक्रार येते आणि मेकॅनिक नवे लायनर टाकून देतो. दोष लायनरचा नसतोच.

दांड्याची पिळाला प्रतिकार करण्याची ताकद त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. त्यामुळे १२ ऐवजी १६ मिलिमीटरचा भरीव दांडा घेतला तर पिळ एक तृतीयांशाहून कमी होतो. चार मिलिमीटरच्या फरकाने एवढे साधते. त्याच्या दोन्ही टोकांना नीट बसणारे बुश आणि ग्रीस हवे. चौकटीच्या नळीत दांडा नुसता सरकवून दिला तर काही महिन्यांत भोक मोठे होते आणि ब्रेक पुन्हा सैल पडतो.

पिनांचा खेळही असाच साठत जातो. चार सांध्यांत अर्धा-अर्धा मिलिमीटर ढिलाई असेल तर ती दोन मिलिमीटर झाली. पेडलपर्यंत पोहोचताना ती दहाच्या घरात जाते.

तरफेचे गणित काय सांगते?

शाळेत शिकलेली तरफ इथे दोनदा येते. पेडलच्या खिळीपासून पाय ठेवण्याच्या जागेपर्यंतचे अंतर २५० मिलिमीटर आणि खिळीपासून रॉडच्या भोकापर्यंतचे ५० मिलिमीटर असेल, तर गुणोत्तर पाचास एक. पायाने २० किलोचा दाब दिला की रॉडवर १०० किलोची ओढ येते. ती ओढ चाकाजवळच्या लिव्हरवर पडते. लिव्हर ७५ मिलिमीटरचा असेल त्याऐवजी १०० मिलिमीटरचा बसवला, तर कॅम फिरवणारा जोर एक तृतीयांशाने वाढतो.

इथेच अनेक जण थांबतात आणि लांब लिव्हर बसवून मोकळे होतात. पण तरफ जोर वाढवते तेव्हा अंतर मागते. शू ड्रमला टेकेपर्यंत कॅम पाच अंश फिरावा लागतो असे धरू. ७५ मिलिमीटरच्या लिव्हरला त्यासाठी रॉड साडेसहा मिलिमीटर ओढावा लागेल, म्हणजे पेडल सुमारे ३३ मिलिमीटर खाली जाईल. १०० मिलिमीटरच्या लिव्हरला हेच अंतर ४४ मिलिमीटर होते. त्यात पिनांची ढिलाई आणि दांड्याचा पिळ मिळवला तर ब्रेक लागण्याआधीच पेडल फूटरेस्टच्या बरेच खाली गेलेले असते. बूट घातलेल्या पायाला तेवढे वाकणे जमत नाही किंवा पेडल सायलेन्सरला टेकते.

पेडल मागे नेताना उलट घडते. जागा कमी म्हणून पेडल आखूड केले जाते. २५० चे १५० मिलिमीटर झाले आणि रॉडचे भोक ५० वरच राहिले, तर पाचाचे गुणोत्तर तीनवर येते. त्याच २० किलोच्या दाबाला आता १०० ऐवजी ६० किलो मिळतात. गाडी दिसायला वेगवान होते आणि थांबायला मंद. भोकही खिळीच्या जवळ, ३० मिलिमीटरवर घेतले तर गुणोत्तर पुन्हा पाच होते. बहुतेक वेळा दुरुस्ती एवढीच असते, पण ती मोजपट्टी घेतल्याशिवाय सुचत नाही.

९० अंशांचा एवढा आग्रह का?

रॉड लिव्हरला काटकोनात ओढतो तेव्हा सगळा जोर कॅम फिरवण्यात जातो. कोन बदलला की जोराचा काही भाग लिव्हरला नुसता लांबीच्या दिशेने ताणण्यात वाया जातो. ७० अंशांना सुमारे ९४ टक्के जोर उरतो, ६० अंशांना ८७ टक्के आणि ४५ अंशांना ७१ टक्के. म्हणजे जवळपास तीस टक्के ब्रेक केवळ कोनामुळे जातो आणि त्यासाठी कोणताही भाग खराब असावा लागत नाही.

काटकोन कधी साधायचा हेही महत्त्वाचे आहे. पेडल मोकळे असताना कोन ९० अंशांपेक्षा थोडा लहान हवा आणि ब्रेक पूर्ण लागताना तो ९० च्या आसपास यायला हवा. म्हणजे ब्रेक दाबताना जोर वाढत जातो. मोकळ्या स्थितीतच ९० अंश ठेवले तर दाबताना कोन त्याच्यापुढे जातो आणि सर्वाधिक गरज असते नेमका तेव्हा जोर कमी होऊ लागतो.

हा कोन बघायला यंत्र लागत नाही. कोणीतरी पेडल दाबून धरावे आणि बाजूने मोबाइलवर फोटो काढावा. रॉड आणि लिव्हरमधला कोन फोटोत स्पष्ट दिसतो. आडव्या दांड्याच्या गाडीत असे दोन कोन तपासावे लागतात.

‘एक दात पुढे घेणे’ धोक्याचे का?

लायनर झिजते तसा कॅमला जास्त फिरावे लागते. रॉडवरचा नट आवळत नेला तरी एक वेळ अशी येते, की लिव्हर खूप पुढे आलेला असतो आणि ब्रेक धरत नाही. मग लिव्हर काढून दात्यांवर एक दात मागे-पुढे बसवला जातो. कोन पुन्हा छान दिसतो, पेडल वर येते, गिऱ्हाईक खूश होते.

पण ड्रमच्या आत काहीच सुधारलेले नसते. झिजलेल्या शूंमध्ये कॅम जवळजवळ आडवा झालेला असतो. जोरात ब्रेक मारताना तो आणखी फिरला, तर आपल्या सर्वात रुंद बाजूवर येऊन तिथेच अडकू शकतो. पेडल सोडले तरी शू परत येत नाहीत आणि चाक जाम राहते. लिव्हरजवळ झीज दाखवणारी खूण असलेल्या गाड्यांत लिव्हर सरकवल्यावर ती खूणही खोटे सांगू लागते. लिव्हरची जागा बदलायची ती फक्त नवे लायनर आणि तपासलेला ड्रम असताना. झीज लपवण्यासाठी कधीच नाही.

शॉकअब दबला की ब्रेक आपोआप का लागतो?

बदल केलेल्या गाड्यांमधली ही सर्वात फसवी चूक. पेडल चौकटीला बसवलेले असते, ती हलत नाही. ब्रेक प्लेट मात्र चाकाबरोबर स्विंगआर्मवर वर-खाली होते. या दोघांना जोडणारा रॉड त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात किंचित ताणला जातो किंवा सैल होतो. कंपनीचा अभियंता रॉडचे पुढचे टोक स्विंगआर्मच्या खिळीच्या शक्य तितके जवळ ठेवतो, म्हणून मूळ गाडीत हा फरक जाणवत नाही.

फूटरेस्ट हलवताना हेच टोक सरकते. ते खिळीपासून ६० मिलिमीटर खाली गेले आणि शॉकअब दबून चाक ७० मिलिमीटर वर आले असे समजू. अर्धा मीटर लांबीचा स्विंगआर्म अशा वेळी सुमारे आठ अंश फिरतो आणि रॉडच्या दोन टोकांमधले अंतर सुमारे आठ मिलिमीटरने वाढते. वर पाहिले त्याप्रमाणे ब्रेक लागायला साडेसहा मिलिमीटर पुरतात. म्हणजे मागे कोणी बसले आणि मोठा खड्डा लागला, की पाय न लावता मागचा ब्रेक लागतो. ओल्या रस्त्यावर, वळणात हे घडले तर चाक घसरते आणि पडलेल्या चालकाला कारण कळतही नाही. टोक खिळीच्या वर गेले तर उलटे होते. ओझ्याखाली ब्रेक सैल पडतो आणि पेडल पोकळ जाते.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. गाडी भक्कम स्टँडवर घेऊन दोन्ही शॉकअब काढावेत आणि चाक हाताने सर्वात खालून सर्वात वरपर्यंत न्यावे. या सगळ्या प्रवासात लिव्हर हलता कामा नये किंवा अगदी नगण्य हलावा. ज्या गाडीला मागे शॉकअबच ठेवलेले नाहीत तिथे हा प्रश्न येत नाही, मात्र तिथे प्रत्येक धक्का थेट सांध्यांवर आणि वेल्डिंगवर बसतो.

चेन ताणतानाही हेच लक्षात ठेवावे. चाक पाच मिलिमीटर मागे सरकवले की ब्रेकचा रॉडही पाच मिलिमीटर ओढला जातो. आधी ब्रेकचा नट सैल करून मग चेन ताणावी आणि शेवटी ब्रेक पुन्हा लावावा.

रॉड वाकवला तर काय होते? केबल बरी की रॉड?

रॉडचे काम ताण सहन करण्याचे. ताणाखाली सरळ रॉड लांबत नाही, वाकवलेला रॉड मात्र सरळ होऊ पाहतो. सायलेन्सर चुकवण्यासाठी दिलेला बाक प्रत्येक दाबाला स्प्रिंगसारखा उघडतो आणि पेडलचा जोर त्यात मुरतो. वारंवार उघडझाप झाल्याने बाकाच्या जागी धातू थकून तडा जाण्याची शक्यताही वाढते. अडथळा असेल तर सायलेन्सर हलवावा किंवा मध्ये फिरता लिव्हर बसवावा.

केबल वळणावळणाने नेता येते आणि शॉकअबच्या हालचालीचा तिच्यावर परिणाम होत नाही. पण तिच्या आवरणात घर्षण असते, तीव्र वळणात ते वाढते आणि जोराने ओढल्यावर आवरण दबते. पावसाचे पाणी आत शिरले की तार गंजते. केबल वापरायचीच असेल तर मागच्या ब्रेकसाठी जाड तारेची, मोठ्या वळणांची, दोन्ही टोकांना पक्का टेकू असलेली हवी. क्लचची केबल ब्रेकला लावणे हा जुगाड प्राणावर बेतू शकतो.

टॉर्क आर्म सुटला तर?

ब्रेक लागतो तेव्हा ड्रम ब्रेक प्लेटलाही आपल्याबरोबर फिरवू पाहतो. तिला धरून ठेवते ती टॉर्क आर्म नावाची पट्टी किंवा स्विंगआर्मवरचा खुंटा. मागचे चाक दुसऱ्या गाडीचे बसवले, की हा आधार नव्याने बनवावा लागतो आणि इथेच पातळ पत्रा, छोटा बोल्ट असा हलगर्जीपणा होतो.

हा आधार तुटला तर प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड तिच्याभोवती गुंडाळला जातो आणि चाक क्षणात जाम होते. ब्रेक न लागण्यापेक्षा हा अपघात वाईट, कारण चालकाच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून टॉर्क आर्म मजबूत पोलादाचा असावा, त्याचे बोल्ट पूर्ण जाडीचे असावेत आणि नट सुटू नये म्हणून स्प्लिट पिन किंवा लॉकनट हवाच. रॉडच्या प्रत्येक पिनेलाही नवी स्प्लिट पिन लावावी. जुनी सरळ करून पुन्हा वापरू नये आणि तिच्या जागी तारेचा तुकडा तर नकोच.

लेथवर बनवून घेताना काय सांगावे?

शीवच्या आसपास असे काम करून घेणे अवघड नाही. धारावीत लहान कारखाने आहेत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत. अडचण कारागिरीची नसते, सांगण्याची असते. ‘असाच, पण जरा लांब’ एवढ्यावर काम देऊ नये. कागदावर भोकापासून भोकापर्यंतचे अंतर, भोकाचा व्यास आणि पट्टीची जाडी लिहून द्यावी.

मूळ लिव्हर कापून मध्ये तुकडा जोडणे टाळावे. दात्यांजवळ वेल्डिंगची उष्णता गेली की धातूचा मूळ कणखरपणा राहत नाही. ओतीव भाग वेल्डिंगजवळ तडकू शकतो. अख्ख्या पोलादी पट्टीतून नवा लिव्हर बनवणे किंवा योग्य दात्यांचा तयार लिव्हर शोधणे हा खात्रीचा मार्ग. मूळ भाग फेकू नयेत. नवा प्रयोग फसला तर परतीचा रस्ता तोच असतो.

ड्रम उघडताना आतली धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसाला घातक आहेत. ओल्या कापडाने पुसावे, तोंडाला मास्क लावावा.

मुंबईच्या पावसात वेगळी काळजी लागते का?

लागते. हिंदमाता, किंग्ज सर्कलचे गांधी मार्केट आणि शीव हा पट्टा जोरदार पावसात पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध आहे. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी आले की ते ड्रममध्ये शिरते आणि सहज बाहेर पडत नाही. ओले लायनर घसरते. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक हलका दाबून धरावा. घर्षणाच्या उष्णतेने तो सुकतो. नंतर कधीतरी कॅमचा दांडा काढून साफ करून ग्रीस लावावे, पण अगदी थोडे. जास्तीचे ग्रीस वितळून लायनरवर गेले तर ब्रेक गेलाच.

घाट उतरताना उलटी अडचण असते. सतत दाबलेला ड्रम तापतो, तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो आणि लायनरची पकडही कमी होते. म्हणून इंजिनाच्या गिअरने वेग आवरावा आणि पेडलचा प्रवास आधीच संपत आलेली गाडी घाटात नेऊ नये.

जास्त जोर म्हणजे चांगला ब्रेक का?

नाही. ब्रेक लागताना गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागचे चाक हलके होते. त्यामुळे थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. जुन्या गाडीचा पुढचा ड्रम कमजोर म्हणून चालक मागच्यावर विसंबतात आणि तो ‘कडक’ करून घेतात. परिणामी हलक्या दाबाला चाक जाम होते आणि गाडी आडवी जाते. भारतात १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून अँटिलॉक ब्रेक सक्तीचा आहे. जुन्या गाडीत ते काम चालकाच्या पायालाच करावे लागते. त्यासाठी पेडल किती दाबले आणि किती ब्रेक लागला याचा अंदाज पायाला यायला हवा.

ताशी ५० किलोमीटर वेगात चांगला ब्रेक सेकंदाला चार मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करत असेल, तर गाडी सुमारे २४ मीटरमध्ये थांबते. दर तीनवर आला तर ३२ मीटर लागतात. हा आठ मीटरचा फरक म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या अलीकडे थांबणे किंवा न थांबणे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली.

ब्रेकच्या लिव्हरची लांबी नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेली नसते हे खरे. पण म्हणून मोकळीक मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९६ कार्यक्षम ब्रेकची अट घालतो आणि दोष माहीत असताना असुरक्षित वाहन रस्त्यावर आणणे कलम १९० खाली गुन्हा आहे. दोषामुळे अपघातात कोणी जखमी झाले तर शिक्षा वाढते. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हाही गाडी तपासली जाते. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचा मुद्दा ठरू शकतो.

‘व्हिंटेज’ या शब्दाचाही कायदेशीर अर्थ आहे. जुलै २०२१ मधील नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि सांगाडा, बाह्य रचना किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली वाहनेच त्यात बसतात. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. चौकट कापून बनवलेली ‘कस्टम’ गाडी कितीही जुनी असली तरी या व्याख्येत बसणे कठीण. मालकाने आधी ठरवावे, गाडी जपायची आहे की बदलायची.

मग बदल करावा की नाही?

पाय सवयीने चुकीच्या बाजूला जात असेल किंवा मूळ भाग मिळत नसतील, तर बदलाला कारण आहे. मात्र काम सुरू करण्याआधी मूळ गाडीची चार मापे कागदावर लिहावीत : पेडलच्या दोन्ही बाजूंची लांबी, चाकाजवळच्या लिव्हरची लांबी, ब्रेक लागलेला असतानाचा कोन आणि रॉडच्या पुढच्या टोकाचे स्विंगआर्मच्या खिळीपासूनचे अंतर. बदलानंतर हीच मापे पुन्हा घ्यावीत. आकडे जुळत असतील किंवा का जुळत नाहीत हे मेकॅनिक सांगू शकत असेल, तरच पुढे जावे.

पहिली चाचणी मोकळ्या आवारात, माणसाच्या चालीच्या वेगाने घ्यावी. नंतर ताशी २० आणि मग ३० किलोमीटर. पेडल सोडल्यावर चाक मोकळे फिरते का, मागे माणूस बसवल्यावरही फिरते का, ब्रेक न लावता दोन किलोमीटर चालवल्यावर ड्रम तापला का, मागचा लाल दिवा पेटतो का, हे पाहावे. शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक नट आणि पिन पुन्हा तपासावी, कारण नवे सांधे सुरुवातीला बसतात आणि सैल होतात. एवढे झाल्यावरच गाडी शीव ओलांडून मोकळ्या रस्त्याला न्यावी आणि पहिल्या फेरीला मागे कोणाला बसवू नये.